दाराकडे कलणारे टाके

५ नोव्हेंबर

टाचणीस,

वर 'आशीर्वाद' लिहायचं मुद्दाम टाळलं. तो द्यायचा हक्क माझ्याकडे उरलाय की नाही, हे तुझं तू ठरव. पत्ता आत्याकडून घेतला. ती सुखासुखी देत नव्हती. "आधी कशाला हवाय ते सांग, दादा," म्हणाली. माझ्याच घरात राहून माझीच उलटतपासणी! पण गेली वीस वर्षं तुझी खुशाली मला तिच्याच तोंडून कळत आली आहे, तेव्हा निमूटपणे कारण सांगितलं. तेच तुला सांगतो.

तू सोळा वर्षांची असताना दुकानातल्या कातरणांची जी गोधडी शिवायला घेतली होतीस, ती माझ्याकडे आहे. कपाटाच्या वरच्या खणात, कोटाच्या खोक्यात. ती आता पुरी करावी म्हणतो. रुग्णालयाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला पाहिला. बरेच दिवस खाटेवर असणाऱ्या रुग्णांसाठी हाताने शिवलेली पांघरुणं हवी आहेत. स्वच्छ हवीत, उबदार हवीत, कुठेही उसवलेली नकोत. एक फेब्रुवारीपर्यंत आणून द्या, पैसे मिळणार नाहीत. मी तिथे एका ओळखीच्या माणसाला बघायला गेलो होतो.

गोधडी तुझी आहे, म्हणून विचारतो. पुरी करून देऊन टाकू का? मागच्या वेळी मी न विचारताच तिला हात लावला होता.

नको असेल तर नुसतं 'नको' लिहून पाठव. त्याखाली सहीसुद्धा नसली तरी चालेल. दोन आठवडे वाट बघतो.

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. टेबल डुगडुगतंय.

बाबा


२१ नोव्हेंबर

टाचणी,

'नको' आलं नाही. मौन म्हणजे होकार असं लोक म्हणतात, पण तुझ्या बाबतीत ते म्हणायची माझी छाती नाही. तुझं मौन म्हणजे मौनच, हे मी तुझ्या लहानपणापासून पाहिलंय. तरी पत्र परत आलं नाही, म्हणजे ते निदान तुझ्या हातात पडलं. तेवढ्यावर खोकं खाली काढलं. म्हणजे आत्याने काढलं.

अठ्ठेचाळीस चौकोन आहेत. चोवीस तू शिवलेले, जागेवर. उरलेले चोवीस एका कागदी पिशवीत सुटे. तेही तूच शिवले होतेस, मी उसवले. आत्याने सगळं कोमट पाण्यात धुतलं आणि सुटे चौकोन दोरीवर एकेक चिमटा लावून वाळत घातले. शेजारच्या बाई विचारत होत्या, "इतके रुमाल कोणाचे?"

एकूण एक कापड ओळखू आलं. तुझ्या शाळेच्या स्कर्टचा निळा तुकडा. कोटांच्या आतलं चकचकीत अस्तर, जे सुईला दाद देत नाही. बँकेतल्या त्या साहेबांची राखाडी रेघांची पँट, जी शिवून तीन वर्षं दुकानात लटकत होती आणि ते न्यायला आलेच नाहीत. तू ती कापलीस तेव्हा मी ओरडलो होतो, "उद्या आले तर काय देऊ त्यांना?" ते अजून आलेले नाहीत. आईच्या हिरव्या गाऊनचे चार चौकोन बरोबर मध्यभागी आहेत. ते तुझेच, जागेवरचे. तिथपर्यंत मी पोचलो नव्हतो.

काल चष्मा लावून तुझी तुरपाई नीट बघितली. आपल्या कापायच्या टेबलावर बसलं की उजव्या हाताला खिडकी आणि डाव्या हाताला दार, आठवतं ना? माझे टाके कायम खिडकीकडे कलायचे. माझ्या वडिलांचेही तसेच कलायचे. उजव्या हाताने शिवणाऱ्या सगळ्यांचेच कलतात. तू डावखुरी, तुझे दाराकडे कलायचे. तुला मी आठव्या वर्षापासून उजव्या हाताने शिवायला लावलं. डावा हात मोजायच्या फितीने खुर्चीला बांधून ठेवायचो. तू शिकलीस, खिडकीकडे कलणारे, एकसारखे, बारीक टाके घालायला लागलीस. आणि मी नजरेआड झालो की पुन्हा दाराकडे! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणायचो मी तुला. पीळ कोणाचा होता, ते आता कळतंय.

आता तू लोकांचे दात डाव्या हाताने काढतेस असं आत्या सांगते. कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते बारा मी बाहेर असतो, एक काम असतं. एरवी घरीच. त्यामुळे शिवायला वेळ भरपूर आहे.

पेन बदललं तरी अक्षर सुधारलेलं नाही. कागदच वाईट असणार.

बाबा


९ डिसेंबर

टाचणी,

आत्याने मागची दोन्ही पत्रं टाकायला नेताना वाचली. उघडी होती म्हणे. दुसरं टाकून परत आली ती कमरेवर हात ठेवून. "टेबल डुगडुगतंय? कागद वाईट? दादा, तू सांगतोस की मी सांगू?" म्हणून मीच सांगतो. ती सांगायला बसली तर मला तिरडीवर चढवूनच थांबेल.

ऑगस्टमध्ये एक कोट कापत होतो. उजव्या हातातून कात्री निसटली. उचलायला गेलो तर हात आलाच नाही. मी त्याच्याकडे बघतोय आणि तो तिकडे, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. रुग्णालयात अठरा दिवस होतो. ओळखीचा माणूस म्हणजे मीच. पाय सुधारला, बोलणं सुधारलं (आत्याच्या मते जरुरीपेक्षा जास्त), उजवा हात तेवढा राहिला. कापडावर वजन म्हणून ठेवता येतो, बाकी रजेवर आहे. दुकान बंद केलं. मशीन विकलं. मंगळवार-गुरुवारचं काम म्हणजे व्यायाम. एक तरुण बाई माझ्याकडून कपड्यांचे चिमटे दाबून घेतात. अठ्ठेचाळीस वर्षं शिवत होतो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग चिमटे कशाला दाबताय, काका? सुई धरा. दुसऱ्या हाताने तर दुसऱ्या हाताने."

तुला कळवू नको असं मीच आत्याला बजावलं होतं. दयेपोटी तू यावंस असं नको होतं. आजही नकोय. हे पत्र दया मागायला लिहीत नाही, एक गोष्ट सांगायला लिहितोय.

आत्या सकाळी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवते. त्या संपल्या की माझा दिवस संपला. पहिला चौकोन घेतला तो साहेबांच्या पँटीचा. डाव्या हाताला काही म्हणजे काही येत नाही. सुई कापडात कमी आणि माझ्या उजव्या बोटात जास्त जायची. बोटाला दुखत नाही, हा एक फायदा. दोनदा सुई भिंतीवर फेकली. आत्याने ती शोधून आणून दिली आणि म्हणाली, "आठ वर्षांची पोर रडायचीसुद्धा नाही, आणि तुझं बघ." तिसऱ्या दिवशी चौकोनाच्या चारही कडा पुऱ्या झाल्या. दोरा तोडला आणि टेबलावर पसरून बघितलं.

दाराकडे कलले होते, टाचणी. सगळेच्या सगळे. तुझ्या चौकोनाशेजारी माझा चौकोन, आणि टाके एकाच बाजूला. तुझे सुबक, माझे एखाद्या भुकेल्याने चावे घेतल्यासारखे, पण कल तोच.

मग मी तुझा एक चौकोन दोन्ही बाजूंनी ओढून बघितला. बावीस वर्षांपूर्वीचा दोरा, पण टाका हलला नाही. सगळ्या धंद्यात गिऱ्हाइकाला सांगत आलो, शिवण बघू नका, ओढून बघा. तुझी मी कधी ओढून बघितलीच नव्हती. नुसती बघितली होती.

बाबा


२ जानेवारी

टाचणी,

चौदा चौकोन झाले. हात सुधारतोय. म्हणजे डावा.

जे लिहायला सुरुवातीपासून टाळाटाळ करतोय ते आज लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

तू ती गोधडी आईसाठी करत होतीस. ती तेव्हा सहा महिने रुग्णालयात होती आणि तिथलं राखाडी ब्लँकेट तिला टोचायचं. तू शाळेतून आलीस की शिवायला बसायचीस. डाव्या हाताने, कारण उजव्याने वेळ लागला असता. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस चौकोन लावून झाले. फक्त कडेचा गोट राहिला होता. मग तू चार दिवस परीक्षेला मावशीकडे गेलीस.

मी टेबलावर गोधडी पसरली. रुग्णालयात माझी गिऱ्हाइकं होती, डॉक्टरांचे कोट मीच शिवायचो. मनात आलं, ते बघतील आणि म्हणतील, शिंप्याच्या घरात हे असलं उलटं काम? असं प्रत्यक्ष कुणीच म्हणालं नव्हतं. पण मी ब्लेड घेतलं आणि उसवायला बसलो. वाटलं, दोन दिवसांत उसवतो, दोन दिवसांत खिडकीकडे कलणारे टाके घालून ठेवतो, पोरीला कळणारही नाही. हसू नकोस, मला खरंच वाटत होतं की मी तुझ्यावर उपकार करतोय.

चोवीस उसवून झाले आणि रुग्णालयातून निरोप आला.

आई त्या राखाडी ब्लँकेटखालीच गेली. गोधडी पुरी असती तर ती वाचली असती असं नाही. पण तिच्या अंगावर ती असती. तिचा हात तुझ्या टाक्यांवरून फिरला असता. ते मी होऊ दिलं नाही, आणि कारण काय, तर टाके दाराकडे कलत होते.

तू परत आलीस, टेबलाकडे बघितलंस आणि काहीच बोलली नाहीस. दोन वर्षांनी बॅग भरून गेलीस तेव्हाही नाही. मी मात्र बोललो होतो. "मी बरं करायलाच घेतलं होतं," असं. ते वाक्य मी आता मागे घेतो. माझं चुकलं. ते चांगल्या हेतूने वगैरे नाही, नुसतं चुकलं. आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, रोज वाटतं.

गोधडी जिथे जाईल तिथेही ती राखाडी ब्लँकेटंच आहेत. ऑगस्टमध्ये माझ्याच अंगावर होतं. अजून तसंच टोचतं.

एक ठरवलंय. सगळं शिवून झालं की गोटाची एक वीत मोकळी ठेवीन. ती तू शिव. एक तारखेच्या आत कधीही ये. तुझ्या हाताशिवाय ती पुरी व्हायला नको.

बाबा


१५ जानेवारी

टाचणी,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडलेलं समज.

आज चोविसावा चौकोन झाला. गोटही जवळजवळ पुरा फिरला. आत्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून बटणं निवडत होती. मी मोठ्या ऐटीत तिला ती मोकळी वीत दाखवली. तिने चष्मा कपाळावर चढवला. "हे काय? पोर आली नाही तर काय करशील? उघडीच देशील? का देणारच नाहीस?" मी म्हणालो, ती येईल. "म्हणजे पूर्वी तिचा हात बांधत होतास, आता गोधडी बांधून ठेवलीस," आत्या म्हणाली आणि पुन्हा बटणं निवडायला लागली. आपली आत्या कमी शिकलेली आहे, पण तिची सुई कधी चुकीच्या जागी जात नाही.

मी दिवसभर फुरंगटून बसलो. संध्याकाळी पटलं. कुणा थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाचं पांघरूण मी आपल्या भांडणाला ओलीस ठेवत होतो. आणि पुन्हा तेच, काम तुझं आणि त्यावर सत्ता माझी.

तेव्हा तू येण्याचं काही ओझं बाळगू नकोस. पंचवीस तारखेला, शुक्रवारी, ती वीत मी शिवून टाकणार आहे. शुक्रवारच का, तर गुरुवारी व्यायामाहून आल्यावर हात थरथरतो आणि शेवटचे टाके मला चांगले हवेत. एक तारखेला गोधडी जाईल. कोणी विचारलं तर सांगेन की गोधडी माझ्या मुलीची आहे, मी फक्त मदतीला होतो.

तू उत्तर दिलं नाहीस याचा राग नाही. थोडा आहे, पण तो जुना राग आहे, त्याला आता दात राहिलेले नाहीत. तू दातांची डॉक्टर, तुला कळेल.

बाबा


२५ जानेवारी

टाचणी,

तू आली होतीस.

आत्या ताकास तूर लागू देत नाही. काल बारा वाजता व्यायामाहून आलो तर ती दारातच उभी. एरवी मी दहा वेळा हाका मारल्या तरी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. "आलास? बस. पाणी देते," एवढ्या गोड आवाजात की मला वाटलं हिलाच झटका आला. ओट्यावर दोन कप पालथे घातलेले. विचारलं, कोण आलं होतं? म्हणाली, "कोण येणार? मी दोनदा चहा घेतला." दोन कपांत? "एक विसळायचा कंटाळा आला."

चोराच्या मनात चांदणं, ती बटणांच्या डब्यात डोकं खुपसून बसली.

आज सकाळी ठरल्याप्रमाणे पहिली सुई घेतली, गोट मांडीवर ओढला आणि मोकळी वीत शोधायला लागलो. सापडेना. एक फेरी झाली, दुसरी झाली. आत्याला हाक मारली, "अगं, ती उघडी जागा कुठे गेली?" ती म्हणाली, "मला काय माहीत? मी कधी शिवलंय?"

मग चष्मा पुसला आणि बोटाने चाचपत गेलो. माझे भुकेले टाके, दाराकडे. पुढे, दाराकडे. आणि मग वीतभर जागेत बारीक, एकसारखे, मोजून मारल्यासारखे टाके. शेवटी दोरा दाताने तोडलेला. त्यासाठी तर मी तुला कितीदा रागावलो असेन, आणि बघ, तू दातांचीच डॉक्टर झालीस.

पण ते टाके खिडकीकडे कलले होते.

उजव्या हाताने घातलेस तू ते. आठव्या वर्षी फितीने बांधून जे शिकवलं, ते तू तीस वर्षांनी, मी घरात नसताना, कोणी सक्ती न करता घातलंस. मी इथे डाव्या हाताने तुझ्यासारखे टाके घालत बसलोय आणि तू येऊन माझ्यासारखे घालून गेलीस. पहिल्यांदा तर ओरडावंसं वाटलं, अगं वेडे, डाव्याने घालायचे ना! आता तरी डाव्याने घालायचे ना!

आणि खरं सांगतो, तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही. माझा हात ब्लेडकडे गेला. अठ्ठेचाळीस वर्षांची खोड आहे, सगळी कड एका बाजूला आणि वीतभर दुसऱ्या बाजूला दिसली की हात आपोआप उसवायला धावतो. ब्लेड उचललंसुद्धा. मग आत्याला हाक मारली आणि ते तिच्या हातात दिलं. "हे माझ्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेव," म्हणालो. तिने का म्हणून विचारलं नाही. पदराने डोळे पुसत गेली.

मीही रडलो. एका बाजूने नीट रडता येतं, दुसरी बाजू अजून शिकतेय.

माफ केलंस म्हणून तसं शिवलंस, की जाता जाता मला चिमटा काढलास, ते मला ठरवता येत नाही. टाचणीच ती. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला चालेल.

बाबा


२ फेब्रुवारी

टाचणी,

काल गोधडी देऊन आलो. आत्याने घडी करून पिशवीत घातली, मी डाव्या खांद्याला अडकवली. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर स्वतः तपासून घेतात. त्यांनी टेबलावर पसरली, प्रत्येक कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. म्हणाल्या, "काका, सगळं छान आहे. पण इथे वीतभर टाके उलटे का?"

मी म्हणालो, "तेवढेच सुलटे आहेत. ते माझ्या वळणाचे टाके, माझ्या मुलीने घातलेत. बाकीचे तिच्या वळणाचे, त्यातले निम्मे मी घातलेत."

"मला काही कळलं नाही," म्हणाल्या, "पण शिवण पक्की आहे." त्यांनी ओढून बघितली होती, टाचणी. बघताक्षणी ओढून बघितली.

खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई होत्या, आईच्याच वयाच्या, म्हणजे आई होती त्या वयाच्या. त्यांच्या अंगावर घातली. मी निघेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नव्हते, पण हात बाहेर काढला होता आणि हिरव्या चौकोनावरून फिरवत होत्या.

आता एक कामाचं. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, इथे येणं पुरे, आता घरीच शिवा. त्यामुळे येत्या आठवड्यापासून मी मंगळवारी-गुरुवारीही घरीच असेन. हे आधीच कळवलेलं बरं, नाही तर मी नाही असं समजून तू यायचीस आणि मी दारात. तुला मी नसतानाच यायचं असेल तर आत्याला तसं सांग. मी दहा ते बारा कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसेन. तिथे ऊनही चांगलं येतं.

बाबा